मागून येणारा आणि मध्ये येणारा

दहा हजार मीटरची शर्यत पाहायला सवड लागते आणि थोडी चिकाटीही. शंभर मीटरची शर्यत श्वास रोखून पाहता येते. इथे ते जमत नाही, कारण इथे पंचवीस फेऱ्या असतात. चारशे मीटरच्या लंबगोल पट्टीवर पंधरावीस माणसे जवळजवळ अर्धा तास फिरत राहतात आणि निम्मी शर्यत होईपर्यंत पाहणाऱ्याला वाटते की काही घडतच नाही. घडत असते, पण आतल्या आत. कोणाची छाती किती भरली आहे, कोणाची पावले जड पडू लागली आहेत, कोण उगाच पुढे गेला आहे आणि कोण मुद्दाम मागे राहिला आहे, याचा हिशेब जो तो दुसऱ्याच्या पाठीकडे पाहून मांडत असतो. शेवटच्या तीनचार फेऱ्यांत हा हिशेब चव्हाट्यावर येतो.

१९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये हा हिशेब दोनदा उघडा पडला. मैदान तेच, अंतर तेच, मध्ये फक्त चार दिवस. ३ ऑगस्टला पुरुषांची अंतिम शर्यत झाली, ७ ऑगस्टला स्त्रियांची. दोन्हींत शेवटी दोघेच उरले. दोन्ही वेळा मागे राहून पळणाऱ्याने अखेरीस पुढच्याला गाठून सुवर्णपदक नेले. पण पहिल्या विजेत्याची मैदानाने हुर्यो उडवली आणि दुसरीला डोक्यावर घेतले. असे का झाले, याचे उत्तर वरवर पाहता सोपे आहे. जरा खरवडले की ते सोपे राहत नाही.

आधी पुरुषांची शर्यत पाहू. मोरोक्कोचा खालिद स्काह पंचवीस वर्षांचा होता. १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे तो क्रॉसकंट्रीचा जगज्जेता ठरला होता. केनियाचा रिचर्ड चेलिमो अवघा वीस वर्षांचा. आदल्या वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत याच अंतराला केनियाच्या मोझेस तनुईने सुवर्ण घेतले होते, चेलिमो दुसरा आणि स्काह तिसरा आला होता. म्हणजे दोघांमध्ये जुनी उधारी होती. बार्सिलोनात बाकीचे एकेक करून गळत गेले. ज्या अदिस अबेबेला कांस्यपदक मिळाले, तो इथिओपियाचा धावपटूही विजेत्यापासून तेरा सेकंदांहून अधिक मागे राहिला. पुढे चेलिमो, त्याच्या पाठीशी स्काह, अशी ही जोडी चालली होती.

तीन फेऱ्या उरल्या असताना या दोघांनी तिसऱ्या एकाला गाठले. हम्मू बुतायेब हा मोरोक्कोचाच धावपटू. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आला, म्हणजे कच्चा नव्हेच, पण त्या दिवशी तो पुरती एक फेरी मागे पडला होता. अशा माणसाने आपल्या गतीने आपली उरलेली शर्यत निमूट पुरी करावी, असा शिरस्ता आहे. बुतायेब मात्र या दोघांच्या बरोबरीने पळू लागला. चेलिमोच्या पुढे येऊ लागला, त्याच्या आसपास घोटाळू लागला. ज्याची शर्यत संपल्यात जमा होती, तो दुसऱ्यांच्या शर्यतीत शिरला. प्रेक्षकांना हे कळायला वेळ लागला नाही. शिट्ट्या आणि आरडाओरडा सुरू झाला. एका अधिकाऱ्याने तर पट्टीवर येऊन त्याला हाताने धरून बाजूला काढण्याचा प्रयत्न केला. शेवटच्या फेरीत बुतायेब मागे पडला, स्काहने चेलिमोला ओलांडले आणि २७ मिनिटे ४६.७० सेकंदांत तो जिंकला. चेलिमोची वेळ २७ मिनिटे ४७.७२ सेकंद.

केनियाने तक्रार केली. पंचांनी स्काहला बाद ठरवले आणि सुवर्णपदक चेलिमोच्या नावावर लागले. मोरोक्कोने अपील केले, ते मान्य झाले, आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण पुन्हा स्काहकडे आले. एक रात्रभर चेलिमो ऑलिंपिक विजेता होता. पदक घ्यायला स्काह चौथऱ्यावर चढला तेव्हाही लोकांनी त्याची हुर्यो केली.

या प्रकाराबाबतचा नियम स्पष्ट आहे, आजही आहे. ज्याच्यावर एक फेरी चढली आहे किंवा चढण्याच्या बेतात आहे, त्याने दुसऱ्याला गती राखून देणे ही बाहेरची मदत मानली जाते आणि तिला मनाई आहे. तेव्हा बुतायेबचे चुकले हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. अवघड प्रश्न स्काहचा आहे.

दोघांचे आधीच ठरले होते का? होते असे धरून चालण्याचा मला अधिकार नाही, म्हणून नव्हते असेच मी धरतो. आणि तसे धरले की प्रश्न खरा अवघड होतो. संगनमत असते तर ती सरळ लबाडी झाली असती. तिच्यावर विचार करण्यासारखे फारसे काही नसते. पण समजा, स्काहने काही मागितले नाही, खूण केली नाही, कोणाला बोलावले नाही. आपल्या देशाचा एक माणूस आपणहून मध्ये आला आणि त्याने प्रतिस्पर्ध्याची लय मोडली. ताशी साडेएकवीस किलोमीटरच्या वेगाने पळणाऱ्या, छाती फुटायला आलेल्या माणसाने त्या क्षणी नेमके काय करायला हवे होते? थांबायला? चेलिमोला दोन पावले पुढे जाऊ द्यायला? असे कोणी केले असते तर आपण त्याच्या कथा लिहिल्या असत्या. परंतु ज्या गोष्टीची आपण कथा लिहितो, ती न करणाऱ्याला आपण अपराधी म्हणू शकतो का?

न मागता मिळालेल्या लाभाचा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. वाली आणि सुग्रीव यांचे द्वंद्व चालले होते आणि झाडाआडून तिसऱ्याचा बाण आला. जमिनीवर पडलेल्या वालीने जाब विचारला तो रामाला. त्या प्रश्नावर आणि रामाच्या उत्तरावर आपल्या कीर्तनकारांनी आणि पंडितांनी किती रात्री जागवल्या आहेत! पण ज्याच्या पदरात राज्य पडले, त्या सुग्रीवाला आपण क्वचितच काही विचारतो. सुग्रीवाने तर मदत मागितलेलीही होती. तरी वाल्मीकींनी त्याला मोकळे सोडलेले नाही. भाऊ गेल्यावर हाच सुग्रीव विलाप करतो, मी राज्याला लायक नाही म्हणतो, अग्नीत शिरायला निघतो. पुढे तो राज्य घेतोच, हेही खरे. लाभ घेतला, पण घेताना हात कापला, एवढी नोंद वाल्मीकींनी ठेवली आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. अपिलाचा निवाडा पदक कोणाचे हे सांगतो. ते घेताना हात कापावा की नाही, हे सांगणे त्याचे काम नाही.

स्काहला त्या चौथऱ्यावर काय वाटले असेल हे मी सांगू शकत नाही, आणि त्याच्यावर हुर्यो करणाऱ्या हजारो लोकांनाही ते ठाऊक नव्हते. लोकांचा राग बुतायेबवर होता, तो काढायला समोर उभा होता स्काह. जमावाचा न्याय बहुधा असाच चालतो. अपराध्याचा पत्ता सापडला नाही की तो लाभार्थ्याच्या दारावर जातो. तो न्याय पुरता खोटा असतो असेही नाही. पण त्याच्या हाताला नेम नसतो.

आता बुतायेबकडे वळू, कारण त्याच्या कृतीमागे असलेली भावना आपल्याला अनोळखी नाही. ‘आपला माणूस’ हे शब्द आपल्या मुलखात जितके जड आहेत तितके क्वचितच कुठे असतील. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत कधी तिसरी. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला गर्दीत आपला माणूस कोण हे पहिल्या दोन शब्दांत कळते आणि त्याच्यासाठी थोडे वाकावे असेही मनात येते. रांगेत त्याला पुढे घ्यावे, त्याचा कागद वर सरकवावा. यात आपण काही वाईट करतो असे वाटत नाही, उलट न केले तर माणुसकी सोडली असे वाटते. बुतायेबने तेच केले. स्वतःची शर्यत हरली होती. पुढे आपला माणूस होता आणि त्याच्या बरोबर एक परका होता. आपल्या माणसासाठी काही करावे असे त्याला वाटले असेल, तर ती भावना मी दूषणार नाही. पण त्या रांगेत आणखी कोणीतरी उभा असतो, त्याचा कागद आपल्यामुळे खाली जातो, आणि त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. आपुलकीची किंमत बहुतेक वेळा असा एखादा तिऱ्हाईतच मोजतो. बार्सिलोनात फरक एवढाच की तो तिऱ्हाईत सगळ्या जगाला दिसत होता. तो वीस वर्षांचा होता आणि सगळ्यांच्या पुढे पळत होता.

पुढे पळण्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण स्त्रियांच्या शर्यतीचे मर्म तिथे आहे. पुढचा माणूस वारा कापतो, मागच्याला तो कमी लागतो. सायकलवरून चढत्या वाऱ्यात कोणाच्या मागे राहून गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. शिवाय पुढच्याला गती स्वतः ठरवावी लागते, मन सतत जागे ठेवावे लागते. मागच्याला फक्त समोरची पाठ धरून ठेवायची असते. म्हणून शहाणा धावपटू शेवटपर्यंत मागे राहतो. एरवी अशा माणसाला आपण आयत्या बिळावरचा नागोबा म्हणालो असतो.

७ ऑगस्टच्या शर्यतीत आधीची जगज्जेती, ब्रिटनची लिझ मॅकोल्गन सुरुवातीला पुढे होती. मग दक्षिण आफ्रिकेच्या एलाना मेयरने मुसंडी मारली आणि इथिओपियाची देरार्तू तुलू तेवढी तिच्या मागे गेली. त्यापुढे फेऱ्यांमागून फेऱ्या मेयर वारा कापत राहिली आणि तुलू तिच्या सावलीत राहिली. शेवटची फेरी आली आणि तुलू सुटली ती सुटलीच. ३१ मिनिटे ६.०२ सेकंद. मेयर पावणेसहा सेकंदांनी मागे. वीस वर्षांची तुलू ही ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकन स्त्री ठरली. मेयर गोरी, आणि तिचा देश वर्णद्वेषामुळे १९६० नंतर प्रथमच ऑलिंपिकमध्ये आलेला. रेषा ओलांडल्यावर तुलू मेयरसाठी थांबली, दोघी गळ्यात पडल्या आणि हातात हात घालून मैदानाला फेरी मारू लागल्या. त्या चित्राने जगाला भुरळ घातली. साहजिकच होते.

पण त्या चित्राने एक प्रश्न झाकून टाकला. मेयरच्या श्रमाचे फळ तुलूने नेले नाही का? कष्ट एकीचे, सुवर्ण दुसरीचे. चेलिमोचेही नुकसान झाले आणि मेयरचेही झाले, मग एका प्रकाराला आपण अन्याय म्हणतो आणि दुसऱ्याला डावपेच, हे कोणत्या मापाने?

मला सापडलेले माप असे आहे. तुलू मागे होती, पण ती शर्यतीत होती. तिने मेयरचा वारा घेतला त्याच वेळी तिने स्वतःलाही पणाला लावले होते. मेयरची गती तिला सोसली नसती तर तीही फुटली असती, जशा इतर सगळ्या फुटल्या. मेयरला शेवटी जोर उरला असता तर मागे राहण्याचा सगळा शहाणपणा मातीत गेला असता. मेयरलाही ठाऊक होते की मागे कोण आहे आणि ती काय करते आहे. दोघी एकाच आगीत होत्या. बुतायेब त्या आगीत नव्हता. त्याला जिंकायचे नव्हते आणि हरण्यासारखेही काही उरले नव्हते. ज्याचे काही पणाला लागलेले नाही असा माणूस पणाला लागलेल्यांच्या मध्ये येतो, तेव्हा शर्यतीची जातच बदलते. आखाड्यात दोन मल्ल झुंजत असताना तिसऱ्याने लाल मातीत पाय ठेवला, मग तो कितीही हळूच ठेवलेला असो, की कुस्ती राहत नाही. तिथे जमलेल्या शेंबड्या पोरालाही हे कळते. मागून येणारा वेगळा आणि मध्ये येणारा वेगळा.

हे माप मला पटते, पण ते लोखंडाचे नाही. मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस म्हणून रॉजर बॅनिस्टरचे नाव शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेले असते. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला, तेव्हा ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे या दोन मित्रांनी आळीपाळीने पुढे पळून त्याला गती राखून दिली होती. तो विक्रम मान्य झाला आणि ते मैत्रीचे उदाहरण ठरले. त्याच्या आदल्या वर्षी, जून १९५३ मध्ये, हाच बॅनिस्टर ४ मिनिटे २ सेकंदांत धावला होता. त्या वेळी ब्रॅशर सुरुवातीला मुद्दाम रमतगमत पळत राहिला, बॅनिस्टरने त्याच्यावर फेरी चढवली आणि मग ताज्या दमाचा ब्रॅशर त्याच्यासाठी पुढे पळाला. ही वेळ ब्रिटिश संघटनेने राष्ट्रीय विक्रम म्हणून मान्य केली नाही. माझ्या मापाप्रमाणे १९५३ चा नकार बरोबर आहे. पण १९५४ साली तरी त्या दोघांचे काय पणाला लागले होते? त्यांनाही जिंकायचे नव्हतेच. एवढेच म्हणता येईल की त्यांनी आपली छाती पहिल्या पावलापासून खर्ची घातली, आणि त्या दिवशी त्यांच्यामुळे कोणा चेलिमोचे नुकसान झाले नाही. प्रतिस्पर्धी घड्याळ होता. घड्याळाला अन्याय होत नाही.

आजकाल तर गती राखायला माणसे नेमतात, धावपट्टीच्या कडेला दिवे लावतात. ७ ऑक्टोबर २०२० रोजी व्हॅलेन्सियाला युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने दहा हजार मीटर २६ मिनिटे ११ सेकंदांत पुरे केले, ते अशा पळत्या दिव्यांच्या सोबतीने. विक्रमाच्या शर्यतीत हे खुशाल चालावे, माझी तक्रार नाही. अजिंक्यपदाची शर्यत मात्र माणसाने माणसाशी केलेली असते. तिथे भाडोत्री गतिरक्षक नसतात, आणि म्हणूनच मध्ये येणाऱ्याचा प्रश्न तिथे इतका टोचतो.

‘आपला माणूस’ या शब्दांची गंमत आणखी एका शर्यतीने दाखवली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत स्त्रियांच्या दहा हजार मीटरमध्ये केरळची प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत पहिली आली आणि नाशिक जिल्ह्याची कविता राऊत, आपली ‘सावरपाडा एक्सप्रेस’, ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत दुसरी. अंतर एका सेकंदाहूनही कमी, जवळजवळ स्काह आणि चेलिमो यांच्यातले होते तेवढेच. दोघी एकाच संघाच्या आणि एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. मराठी घरात बसून ही शर्यत पाहणाऱ्याने कोणासाठी हात जोडायचे? कविता आपली, कारण ती आपल्या भाषेची. प्रीजाही आपली, कारण अंगावर तोच रंग. आपलेपण असे क्षणाक्षणाला रुंद होते आणि अरुंद होते. दोघींपैकी एकीसाठी तिसऱ्या कोणी दुसरीची वाट अडवली असती, तर अडवणाऱ्याला आपण कोणत्या नात्याने माफ केले असते? दोघी आपल्या असल्या की नियम किती चटकन पटतो! समोरचा केनियाचा असला की तोच नियम जरा कोरडा वाटू लागतो.

चेलिमोची पुढची कथा थोडक्यात सांगतो, लांबवण्यासारखी ती नाहीच. बार्सिलोनानंतर वर्षभराने, ५ जुलै १९९३ रोजी, स्टॉकहोमला त्याने दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम केला, २७ मिनिटे ७.९१ सेकंद. पाचच दिवसांनी ऑस्लोला त्याच्याच देशाच्या योबेस ओंडिएकीने तो मोडला आणि २७ मिनिटांच्या आत येणारा पहिला माणूस म्हणून नाव केले. एक रात्र ऑलिंपिक विजेता आणि पाच दिवस जागतिक विक्रमवीर. १५ ऑगस्ट २००१ रोजी मेंदूतल्या गाठीने चेलिमो वारला, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. ज्या साली आणि ज्या मैदानावर त्याचे पदक आले आणि गेले, तिथेच सुवर्ण मिळवलेली तुलू त्याच्यापेक्षा बरोबर एका महिन्याने मोठी. ती पुढे २००० मध्ये सिडनीला पुन्हा याच शर्यतीत जिंकली.

ऑलिंपिकच्या निकालपत्रात १९९२ च्या त्या शर्यतीला काही ओळी आहेत. पहिल्या ओळीत स्काह, दुसऱ्या ओळीत चेलिमो, वेळेत एक सेकंद आणि दोन शतांशांचा फरक. खाली, वेळेचा आकडा नसलेल्या ओळीत, बुतायेब. त्या तीन फेऱ्यांत चेलिमोचा श्वास किती वेळा चुकला, हे मात्र त्या पत्रात कुठेच नाही.